रात्र झाली की पायाला भिंगरी!

दिवसभर पाय गुपचूप असतात. अंथरुणाला पाठ टेकली की त्यांची नाइट शिफ्ट सुरू. ‘सवय आहे’, ‘टेन्शन आहे’ असं म्हणून आपण सोडून देतो, पण या प्रकाराला नाव आहे आणि औषधंही आहेत. फक्त ती आपल्या मनाने घ्यायची नसतात. मी घेतली होती!

रात्रीचे पावणेदोन. रूममेट गाढ झोपलीय, खाली वॉचमनकाकांनीही खुर्चीत मान टाकलीय आणि मी हॉलमध्ये सोफा ते शू-रॅक, शू-रॅक ते सोफा अशा फेऱ्या मारतेय. ब्रेकअप झालेला नाही, बॉसशी वाजलेलं नाही. डेडलाइन आहे, पण डेडलाइनमुळे उठून चालणाऱ्यांपैकी मी नाही. प्रॉब्लेम एकच, पाय.

दुखतात का? नाही. मुंग्या? तशाही नाहीत. गोळा आलाय? तोही नाही. पोटरीच्या आत, अगदी हाडापाशी, कुणीतरी सोड्याची बाटली हलवून ठेवून दिल्यासारखं वाटतं. पाय हलवला की झाकण उघडल्यासारखी सुटका. आडवं झालं की मिनिटाभरात पुन्हा तेच. मग पाय ताणा, आपटा, भिंतीला लावा, गार फरशीवर ठेवा. शेवटी उठून चाला.

हे मी कॉलेजपासून करत आले. पुणे-नागपूर स्लीपर बस म्हणजे माझ्यासाठी शिक्षा. मल्टिप्लेक्समध्ये कायम कडेची सीट. लोकांना वाटायचं, हिला सारखं वॉशरूमला जावं लागतं. मीही तसंच वाटू द्यायचे, कारण ‘पाय शांत बसत नाहीत’ हे सांगायला जास्त लाज वाटायची.

नाव काय म्हणालात?

‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’, शॉर्टमध्ये आरएलएस. नाव ऐकून हसू येतं, कबूल. मलाही आलं होतं. पण हे आजकालच्या लाइफस्टाइलचं फॅड नाही, बरं का. थॉमस विलिस नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १६७२ साली अशा पेशंट्सचं वर्णन लिहून ठेवलंय. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी! पुढे १९४५ मध्ये कार्ल-अॅक्सेल एकबॉम या स्वीडिश न्यूरॉलॉजिस्टने त्यावर सविस्तर अभ्यास केला आणि ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव दिलं. म्हणून याला विलिस-एकबॉम डिसीज असंही म्हणतात.

ओळखायचं कसं? इथे एमआरआय वगैरे लागत नाही. डॉक्टर प्रश्न विचारतात. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का? बसल्यावर, पडल्यावर ती वाढते का? चाललं, पाय ताणले की तेवढ्यापुरतं तरी बरं वाटतं का? आणि संध्याकाळनंतर, रात्री जास्त होतं का? या सगळ्याला ‘हो’ आलं आणि दुसरं कुठलंही कारण लागू पडत नसलं, तर गाडी आरएलएसकडे वळते. दुसरी कारणं म्हणजे पोटरीत येणारे गोळे, व्हेरिकोज व्हेन्स, डायबेटिसमुळे नसांना झालेला त्रास. स्लीप स्टडी करायलाच हवी असंही नाही. झोपेत पायांना ठरावीक अंतराने झटके बसणं हे या पेशंट्सपैकी बहुतेकांमध्ये दिसतं, पण त्याची तक्रार सहसा शेजारी झोपणारं माणूस करतं.

एक गोष्ट क्लिअर करू या. मीटिंगमध्ये टेबलाखाली गुडघा नाचवणारा तुमचा कलीग आरएलएसवालाच असेल असं नाही. ती बहुतेकदा सवय असते. त्याला ‘पाय हलवू नकोस’ म्हटलं की तो थांबतो आणि दोन मिनिटांनी विसरून पुन्हा सुरू होतो. आरएलएसमध्ये थांबवता येतं, पण थांबवलं की आतून जीव नकोसा होतो. फरक तिथे आहे.

कॅल्शियम, योगा आणि ‘लग्न झालं की होईल बरं’

निदान व्हायला मला साताठ वर्षं लागली. पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. दुसऱ्यांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. तिसऱ्यांनी स्ट्रेस आहे, योगा करा, स्क्रीन कमी बघा असं सांगितलं. सल्ला वाईट नव्हता, पण शवासन हे आरएलएसवाल्याला सांगणं म्हणजे मुंग्यांच्या वारुळावर बसून ध्यान करायला सांगणं! एका काकूंनी सांगितलं, ‘लग्न झालं की आपोआप थांबतं.’ चादरीखाली साबणाची वडी ठेवून पाहिली. मॅग्नेशियमचा डबा आणला. (त्याचा उपयोग होतो असा ठोस पुरावा नाही. माझा डबा अजून अर्धा आहे.)

यात डॉक्टरांचीही पूर्ण चूक नाही. कारण मी प्रत्येक ठिकाणी ‘पाय दुखतात’ असंच सांगत होते. मराठीत आपल्याकडे या फीलिंगला नेमका शब्दच नाही. कुणी म्हणतं पाय ओढतात, कुणी म्हणतं पाय चावतात, कुणी म्हणतं पोटऱ्या हुळहुळतात. डॉक्टर ‘दुखतात’ ऐकतात आणि दुखण्याचं औषध देतात.

शेवटी २०२१ मध्ये ऑफिसमधल्या एका सीनियरच्या सांगण्यावरून न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. मॅडमनी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. रात्री किती वाजता सुरू होतं, घरात आणखी कुणाला आहे का, चहा-कॉफी किती, कुठली औषधं चालू. मग एक गोळी लिहून दिली, प्रामिपेक्सोल, ०.१२५ मिलिग्रॅम. झोपायच्या दोनेक तास आधी घ्यायची. सोबत एक ब्लड टेस्ट लिहिली, फेरिटिन. आणि खाली अंडरलाइन करून, ‘तीन महिन्यांनी दाखवणे’.

त्यातली गोळी तेवढी मी घेतली. टेस्ट केली नाही, कारण कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये हिमोग्लोबिन १२.४ आलं होतं. नॉर्मल! मग आणखी कशाला सुई टोचून घ्या? आणि तीन महिन्यांनी मी इतकी मस्त होते की अपॉइंटमेंट घेण्याचं कारणच दिसेना.

गोळीचा हनिमून

खोटं नाही सांगत, पहिल्याच रात्री फरक पडला. मी पडले, वाट बघितली, आणि काहीच झालं नाही. सकाळी उठले तेव्हा चादर जागच्या जागी होती. त्या आठवड्यात मी ऑफिसात सगळ्यांशी इतकी गोड वागले की एकीने विचारलं, ‘कोण आहे गं तो?’

फक्त एकदा धसका बसला. गोळीचं नाव नेटवर टाकलं आणि समोर ‘पार्किन्सन्स’ हा शब्द आला. तुमच्याही बाबतीत असं होईल म्हणून सांगते. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही मुळात पार्किन्सन्सवरची औषधं. दोन्ही मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करतात. अमेरिकेत २००५ मध्ये रोपिनिरोलला आणि २००६ मध्ये प्रामिपेक्सोलला आरएलएससाठी मान्यता मिळाली. म्हणजे आरएलएस हा पार्किन्सन्स नव्हे. औषध एक, आजार वेगळे, आरएलएसमधला डोसही बराच कमी.

वर्षभराने गोळी थोडी कमी पडू लागली. रात्री अकराऐवजी साडेनऊलाच पाय वळवळायला लागले. मी काय केलं? एकाच्या दोन केल्या. केमिस्टवाले दादा ओळखीचे. जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवलं की पट्टी मिळायची, कधी कधी न दाखवताही. आठवडाभर पुन्हा स्वर्ग. काही महिन्यांनी दोनाच्या चार. हिशोब सोपा वाटत होता, त्रास वाढला की डोस वाढवायचा.

२०२३ च्या पावसाळ्यात अशी वेळ आली की दुपारी चारच्या मीटिंगमध्ये मला बसवेना. लॅपटॉप उचलून ‘नेटवर्क येत नाहीये’ म्हणत कॉरिडॉरमध्ये फिरायचे. आणि एके रात्री तीच सोड्याची बाटली खांद्यापासून मनगटापर्यंत! हातसुद्धा! तेव्हा मात्र घाबरले.

औषधच जेव्हा उलटतं

दोन वर्षांनी मॅडमसमोर बसले तेव्हा त्यांनी फाइल उघडली, मग माझ्याकडे बघितलं. ‘डोस कुणी वाढवला?’ मी गप्प. ‘आणि मधे खरेदी वगैरे जास्त व्हायला लागलीय का? ऑनलाइन? पत्ते, बेटिंग?’

मला हसू आलं. पायांचा आणि शॉपिंगचा काय संबंध? मग आठवलं. कपाटात टॅगसकट अकरा कुर्ते होते. रात्री एक वाजता ‘अॅड टू कार्ट’ करण्यात मी एक्स्पर्ट झाले होते आणि क्रेडिट कार्डाचं बिल बघून मला वाटायचं की महागाई वाढलीय.

या गटातल्या औषधांचा हा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे. काही जणांना जुगार, खरेदी, खाणं, सेक्स यांवर ताबा ठेवता येत नाही. पेशंटला वाटतं आपला स्वभावच बिघडला, त्यामुळे तो डॉक्टरांना सांगतच नाही. सांगा. लाजू नका.

हातापर्यंत पोहोचलेल्या त्रासालाही नाव आहे, ऑगमेंटेशन. ज्या गोळीने सुरुवातीला आराम दिला, तीच घेत राहिल्यावर त्रास दिवसा लवकर सुरू होतो, जास्त जोरात होतो आणि शरीराच्या दुसऱ्या भागात पसरतो. आपल्याला वाटतं आजार वाढला, आपण डोस वाढवतो, आणि आगीत आणखी तेल. सगळ्यांना होतं असं नाही, पण जितकी जास्त वर्षं आणि जितका मोठा डोस, तितकी शक्यता वाढते. लेव्होडोपा या औषधात तर ती आणखी जास्त.

म्हणूनच डॉक्टरांचा विचार बदललाय. ‘अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला नव्या गाइडलाइन्स छापल्या. ज्या गोळ्या आधी पहिल्या नंबरवर होत्या, त्या सरसकट देऊ नयेत असं त्यात म्हटलंय. त्यांच्याऐवजी गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन या गटाला पसंती आहे. आणि सगळ्यात आधी बघायचं ते शरीरातलं लोह.

आता हे वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी बंद करू नका, प्लीज! प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल एकदम थांबवलं तर त्रास दुपटीने उसळतो आणि बाकीही हाल होतात. माझा डोस मॅडमनी टप्प्याटप्प्याने कमी केला, आधी दुसरं औषध सुरू करून. तरीही शेवटचे काही दिवस भयंकर गेले. मी चार दिवस सुट्टी टाकली आणि पहाटे तीनला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालत होते. वॉचमनकाकांनी त्यांच्या थर्मासमधला चहा देऊ केला. नाही म्हणावं लागलं, त्याचं कारण पुढे.

बावीसचा आकडा

फेरिटिन या वेळी केलं. आलं २२. लॅबच्या रिपोर्टमध्ये आकडा ठळकसुद्धा केलेला नव्हता, कारण त्यांच्या रेंजमध्ये तो नॉर्मलच. हिमोग्लोबिनही ठीक. मग?

मॅडमनी समजावलं ते साधारण असं. हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. पाकीट भरलेलं असताना खातं रिकामं असू शकतं. मेंदूला डोपामिन तयार करायला लोह लागतं आणि आरएलएसमध्ये मेंदूतलं लोह कमी असल्याचं दिसून आलंय. म्हणून आरएलएसवाल्यांसाठी रेंज वेगळी. फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर मोठ्या माणसांना लोहाच्या गोळ्या देतात. १०० पर्यंत असेल तर सलाइनमधून लोह द्यायचा विचार होऊ शकतो, अर्थात हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखाली. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही तपासतात, कारण अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटंच जास्त दिसतं.

आपल्या देशात हा मुद्दा लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अॅनिमिया असल्याचं आढळलं. आरएलएसही बायकांमध्ये जास्त दिसतो. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो पहिल्यांदा डोकं वर काढतो आणि बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचा जातो. किडनीच्या पेशंट्समध्येही त्याचं प्रमाण बरंच असतं.

माझी लोहाची गोळी एक दिवसाआड सुरू झाली, रिकाम्या पोटी, लिंबू-पाण्याबरोबर. तासभर आधी आणि नंतर चहा बंद, कारण चहा लोह शोषू देत नाही. वर कॅफीनने काहींचे पाय जास्त वळवळतात ते वेगळंच. म्हणून काकांचा चहा नाकारला! पोट बिघडणं, शौचाला काळं होणं हे सगळं झालं. चार महिन्यांनी फेरिटिन ६८. पण टेस्ट न करता लोह खात सुटू नका. काहींच्या शरीरात ते साठत जातं आणि लिव्हरला त्रास देतं.

रात्रीची गोळी आता प्रीगॅबालिन. तीही काही चॉकलेट नाही. पहिले पंधरा दिवस सकाळी डोकं जड, जिना उतरताना तोल गेल्यासारखा. स्कूटर बंद, ऑटोने ऑफिस. तीन किलो वजन वाढलं, त्यातलं किती गोळीमुळे आणि किती वडापावमुळे हे मी मॅडमना विचारलेलं नाही. मूड खूप उतरला तर लगेच कळवायचं, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घ्यायची नाही, प्रेग्नन्सीचा विचार असेल तर आधी बोलायचं आणि हीसुद्धा एकदम थांबवायची नाही. त्रास शंभर टक्के गेलाय का? नाही. आठवड्यातून एखादी रात्र शू-रॅकपर्यंत फेरी होते. पण सहा रात्री झोप लागते. मला हा सौदा परवडतो.

सर्दीची साधी गोळी?

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. सर्दी झाली की मी जी गोळी बिनधास्त घ्यायचे, तिच्यात क्लोरफेनिरामीन असायचं. अशा झोप आणणाऱ्या जुन्या अँटी-अॅलर्जिक औषधांनी आरएलएस भडकू शकतो. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइडही त्याच यादीत. डिप्रेशनवरची बरीच औषधंसुद्धा. ती मात्र मनाने बंद करायची नाहीत. ज्यांनी लिहून दिलीत त्यांना आरएलएसबद्दल सांगा, पर्याय निघतात.

त्यामुळे आता माझ्या फोनमध्ये एक नोट आहे. कुठली औषधं चालू, कधीपासून, किती डोस, त्रास रात्री किती वाजता सुरू झाला. ती वेळ महत्त्वाची. अकराचे दहा, दहाचे नऊ व्हायला लागले की डोस वाढवण्याऐवजी अपॉइंटमेंट. मॅडम आधी तीच नोट मागतात. ‘पाय दुखतात’ हे वाक्य मी आता वापरत नाही. ‘पडल्यावर पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि हलवले की बरं वाटतं’ असं सांगते. एवढ्या एका वाक्याने फॅमिली डॉक्टरसुद्धा कान टवकारतात.

आईची ओढणी

मॅडमचा ‘घरात आणखी कुणाला?’ हा प्रश्न मी पहिल्या वेळी ‘नाही’ म्हणून उडवला होता. दुसऱ्या वेळी विचारला तेव्हा डोळ्यांसमोर आमचं साताऱ्याचं घर आलं. आई रात्री पोटऱ्यांना जुनी ओढणी घट्ट बांधून झोपायची. आम्हाला वाटायचं, दिवसभर उभी असते म्हणून पाय शिणतात. मधेच उठून ती स्वयंपाकघरात जायची, डबे पुसायची. आम्ही तिला चिडवायचो, की आईला रात्रीसुद्धा स्वस्थ बसवत नाही.

तिला फोन करून विचारलं. ‘आई, तुझे पाय नक्की दुखतात की नुसते वळवळतात?’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, ‘वळवळतात गं. तुझ्या वेळी सातवा महिना लागला तेव्हापासून. तुला कसं कळलं?’

म्हणजे माझ्या वयाइतकी वर्षं! हा आजार घराण्यात चालतो, त्याच्याशी संबंधित जीन्स २००७ मध्ये सापडलेत, हे मी तोवर वाचलं होतं. पण आईने एवढी वर्षं कुणालाच सांगितलं नाही, कारण तिच्या मते यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ‘बाईच्या जातीला असतंच थोडंफार’ हे तिचं ठरलेलं वाक्य.

तिला डॉक्टरकडे न्यायला मला तीन वीकएंड लागले. फेरिटिन ३१ आलं. रात्रीची गोळी अजून दिलेली नाही, आधी लोह आणि चहावर कंट्रोल एवढंच. चहावरून रोज भांडण होतं. तीन महिन्यांनी परत दाखवायचंय आणि ती तारीख या वेळी मी माझ्या फोनमध्ये टाकलीय.

मागच्या मंगळवारी सकाळी साडेसातला तिचा फोन आला. आवाज वैतागलेला.

‘अगं, आज नळाला पाणी आलेलं मला कळलंच नाही. पाचला येतं, सहाला जातं. झोपूनच राहिले मी! आता दिवसभर पुरवायचं कसं?’